सोपाननं आधी काय सांगितलं होतं

मी पोचले तेव्हा स्पीकर चालूच होता. "कुकर, गॅस शेगडी, मिक्सर दुरुस्त करून मिळेल" असं एका माणसाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ग्रामपंचायतीसमोर आडव्या पडलेल्या मोटरसायकलवरून पुन्हा पुन्हा येत होतं. ज्याचा तो आवाज होता, तो माणूस समोरच्या लिंबाला बांधलेला होता. स्पीकर बंद करावा असं एवढ्या गर्दीत कुणालाच सुचलं नव्हतं. आधी मी तो बंद केला, मग दोर सोडायला सांगितला.

कुणी पुढं आलं नाही. शेवटी आमच्या जाधव हवालदारांनी दोर सोडला. माणूस खाली बसला नाही, झाडावरून घसरत खाली आला. एका कानातून रक्त आलं होतं. तळपाय सुजले होते. त्याचं नाव सोपान. राहायला बारामतीजवळ जळोचीत. मोटरसायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरायचं आणि कुकर-शेगड्या दुरुस्त करायच्या, हा त्याचा धंदा.

मी मुलाणी, सहायक पोलीस निरीक्षक. आमच्याकडे याला एपीआय म्हणतात. माझे वडील बारामतीत शिंपीकाम करायचे आणि मी खाकीच घालणार हे त्यांना माझ्या आधी माहीत होतं. तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका लहान ठाण्याची प्रभारी होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण केस कोर्टात आहे. कालव्याकाठचं, उसाचं गाव, एवढं पुरे.

झालं होतं असं. आदल्या दिवशी दुपारपासून गावातले बिरूआबा सापडत नव्हते. वय झालेलं, शुगरचा त्रास, आणि गेल्या दोनेक वर्षांत विसरायचं प्रमाण फार वाढलेलं. जेवलेलं विसरायचे, सुनेचं नाव विसरायचे. संध्याकाळी त्यांचा मुलगा दत्ता ठाण्यात आला. आम्ही मिसिंग दाखल केली, म्हणजे बेपत्ता म्हणून नोंद केली, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला. सकाळी सोपान गावात आला तो आबांची काठी मोटरसायकलला बांधूनच. वर पितळी कडी असलेली ती काठी अख्खं गाव ओळखत होतं.

मला फोन आला तोवर सोपाननं 'कबूल' केलं होतं. आबांना गाडीवर बसवलं, अंगठी काढून घेतली आणि कालव्यात ढकललं. गावातली पोरं कालव्याच्या दोन्ही काठांनी पळत होती. पाटबंधारेवाल्यांना सांगून कालव्याचं पाणी कमी करायचं चाललं होतं. ऐन आवर्तनात, म्हणजे शेताला पाणी मिळायची पाळी असताना पाणी बंद होणार म्हणून खालच्या गावांचे फोन सुरू झाले होते.

दत्ता माझ्यासमोर आला. चाळिशीचा, शिकलेला माणूस, द्राक्षाची बाग राखणारा. डोळे लाल झाले होते.

"मॅडम, त्याला नेऊ नका. अजून थोडा वेळ आमच्याकडं राहू द्या," तो म्हणाला. "कुठल्या पुलावरनं ढकललं तेवढं त्यानं सांगितलं की तुमचाच हाय तो."

मी त्याला विचारलं की दोर कुणी बांधला. तो म्हणाला, "मी." ते त्यानं लपवलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं आजही सांगते.

इथं थोडं कायद्याचं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं चोर सापडला की तो गावाचा. तसं नसतं. एखादा गंभीर गुन्हा समोर घडताना दिसला तर साधा नागरिकसुद्धा माणसाला पकडू शकतो. पण पकडायचं आणि लगेच पोलिसांच्या हवाली करायचं. मध्ये थांबून चौकशी करायचा अधिकार त्याला नाही. आणि कबुलीसाठी किंवा माहिती काढण्यासाठी मारणं हा साध्या मारहाणीपेक्षा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. ते कलम फक्त पोलिसांसाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. कलमाखालच्या उदाहरणांत पोलीस येतो, पण मूळ कलमात तो शब्द शोधून सापडायचा नाही. जो कुणी मारेल तो. छळ या नावाचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे आजही नाही, पण आहे तेवढं कलम कमी नाही.

सोपानला आम्ही गाडीत घेतलं. दवाखाना जवळ नव्हता. मी मागं त्याच्या शेजारी बसले, जाधव समोर. पाणी दिलं. एक घोट गेला, दुसरा सांडला. आबा जिवंत असतील तर त्यांना उन्हात, औषधाशिवाय एक दिवस झाला होता. वेळ माझ्याकडेही नव्हता. म्हणून मी विचारलं की कालव्यात कुठल्या पुलावरून ढकललं.

त्यानं आधी जाधवांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमी म्हणाल त्या पुलावरनं, मॅडम."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मग मी मुद्दाम एक खोटी गोष्ट विचारली. सोबत लाल जीप होती ना? तो म्हणाला, व्हय. जीपमध्ये एक बाई होती? व्हय, हुती. जीपचा तर कुणी उल्लेखही केलेला नव्हता, ती मी त्या क्षणी बनवली होती. आणखी विचारलं असतं तर त्यानं विमानसुद्धा कबूल केलं असतं. मी विचारायचं थांबवलं. जाधव समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला ताब्यात घेतलं. मी बाहेर आले तेवढ्यात साहेबांचा फोन. साहेब म्हणजे डीवायएसपी, आमच्या भागातल्या सगळ्या ठाण्यांचे वरिष्ठ. त्यांच्यावरही वरून दबाव होता, पाण्याचा आणि आबांच्या नातेवाइकांचा. ते म्हणाले, "मुलाणी, आरोपी तुमच्या हातात आहे. मला तासाभरात लोकेशन पाहिजे. कसं ते तुम्ही बघा."

'कसं ते तुम्ही बघा' या वाक्याला आमच्या खात्यात अर्थ आहे. ते कधी लेखी येत नाही.

जाधवांनी ते फोनवर ऐकलं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. नोकरीत माझ्यापेक्षा कितीतरी जुने. वाईट माणूस नाही, उलट ठाण्यातला सगळ्यात कामाचा. जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पट्टी झाली की ह्याला ठाण्यात नेतो. तुमी घरी जाऊन जेवून या. तोवर आमी बघतो."

यालाही अर्थ आहे. अधिकारी जेवायला जातो, मागं गिरणीचा रबरी पट्टा निघतो, अधिकारी परत येतो तेव्हा आरोपी बोलायला लागलेला असतो. अधिकाऱ्यानं काही बघितलेलं नसतं.

"मी डबा आणलाय," मी म्हणाले.

जाधवांनी विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं, की म्हातारा कुठंतरी जिवंत पडला असेल आणि आपण याला हात लावला नाही म्हणून मेला, तर?

हा प्रश्न सोपा नाही. ट्रेनिंगमध्ये याचं उत्तर एका वाक्यात देतात, आणि ते वाक्य अशा वेळी कामाला येत नाही. मी जाधवांना सांगितलं की गाव सकाळपासून नेमकं तेच करतंय. त्यातून काय निघालं? एक पूल, तोही आपण सांगू तो. आपण मारलं तर दुसरा पूल निघेल. मार खाऊन माणूस बोलतो, यात शंका नाही. पण तो मारणाऱ्याच्या मनात असेल ते बोलतो. सकाळपासून अर्धं गाव कालव्याकाठी पळतंय ते आबांना शोधत नाही, स्वतःचाच संशय शोधतंय.

जाधवांना ते पटलं की नाही मला कळलं नाही. पण त्यांनी विचारलं, मग आता काय करायचं. तो प्रश्न मला आवडला.

मला एकच गोष्ट हवी होती. पहिली थप्पड बसायच्या आधी सोपान काय म्हणाला होता? मार सुरू झाल्यानंतरचं सगळं बाद. पण त्याच्या आधी त्यानं काहीतरी सांगितलं असणार, आणि ते कुणीतरी ऐकलं असणार. खुद्द सोपानला विचारून उपयोग नव्हता. निदान त्या वेळी तरी तो खरं आणि खोटं यांच्या पलीकडे गेलेला होता. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं आणि मी तिथं एक शिपाई बसवून गावात परत गेले.

ग्रामपंचायतीसमोर जो भेटेल त्याला विचारलं. प्रत्येकाला कालवा आठवत होता. प्रत्येकाला कबुली आठवत होती. आधीचं काही कुणाला आठवेना. एकानं सांगितलं की तो काहीतरी बडबडत होता, पण खोटं होतं.

"खोटं होतं हे कसं कळलं?" मी विचारलं.

तो म्हणाला, सगळेच तसं म्हणत होते.

मग मी दत्ताच्या घरी गेले. दत्ता कालव्यावर होता. त्याची बायको सुमन ओट्यावर बसली होती, शेजारच्या बायका भोवती. मी त्यांना जरा बाजूला जायला सांगितलं आणि सुमनला तोच प्रश्न विचारला. ती लगेच बोलायला लागली. जणू सकाळपासून कुणीतरी विचारील म्हणून वाट बघत होती.

सोपान पहिल्यांदा तिच्याच दारात आला होता. "बिरूआबांचं घर हेच का" असं विचारत, हातात काठी घेऊन. म्हणाला, काल तुमचे आबा रस्त्यानं चालत निघाले हुते, उन्हात. मी घराकडं चाललो हुतो, गाडीवर घेतलं. काटेवाडीच्या अलीकडं एका फाट्यावर थांबव म्हणाले. तितं वावरात मेंढरं बसली हुती. ही आमचीच मेंढरं, हितं उतरव, म्हणाले. उतरले, काठी गाडीलाच राहिली. गावाचं नाव त्यांनी रस्त्यात सांगितलं हुतं म्हणून आज घिऊन आलो.

"मंग हे आले," सुमन म्हणाली. हे म्हणजे दत्ता. "त्यांनी त्या फाट्याजवळच्या एका मित्राला फोन केला. मित्र जाऊन बघून आला. म्हणला, हितं आबा न्हायत आन् मेंढरंबी न्हायत. तितनं सगळं बिघडलं. मी सांगत हुते, मॅडम, चोर काठी द्यायला घरी यील का. पर माणसं जमली की कुणाला काय ऐकू येतंय."

मी दत्ताला कालव्यावरून बोलावून घेतलं आणि गाडीत बसवलं. त्याला वाटलं अटक. मी म्हणाले, ते नंतर बघू, आधी फाट्यावर चला.

रस्त्यात तो म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील असते तर?"

"माझे वडील असते तर मीही बहुतेक तुमच्यासारखंच मागितलं असतं," मी म्हणाले. "म्हणूनच माझ्या वडिलांची केस माझ्याकडं दिली नसती."



फाट्यावर खरंच काही नव्हतं. एक पानटपरी, एक बंद हॉटेल. दत्ताचा मित्र टपरीवर विचारून परत गेला होता. आम्ही गाडी सोडून आत चाललो. ऊस तुटून गेलेलं एक वावर होतं, आणि त्यात सगळीकडे लेंड्या पडलेल्या होत्या, ताज्या. चुलीची जागा होती, राख अजून पांढरी. या भागात शेतकरी खतासाठी आपल्या रिकाम्या वावरात मेंढरं बसवतात. रात्र झाली की दुसऱ्या दिवशी कळप पुढं. काल इथं असलेला कळप आज इथं नसणं यात काहीच वावगं नव्हतं. सोपानचं सांगणं जिथं खोटं ठरलं होतं, नेमकं तिथंच ते खरं होतं.

वावराचा मालक जवळच मोटर चालू करायला आलेला होता. फोटो दाखवला तर म्हणाला, "व्हय, हे आबा मेंढक्यांच्या संगं हुते. मला वाटलं त्यांच्यातलंच कोन हाय. सकाळी गेले की सगळी, बारामतीकडनं पुढं कऱ्हाटीला जायचं म्हणत हुते."

दत्ता न सांगता गाडीकडे पळत सुटला.

गाडीत त्यानं मला सांगितलं. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आबांचं सगळं तरुणपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. कालवा आला, जमीन बागायत झाली, तेव्हा कळप विकला. आबांना त्याबद्दल कधी कुरकुरताना कुणी ऐकलं नव्हतं. पण अलीकडे विसरायला लागल्यापासून मधूनच उठायचे आणि म्हणायचे, मेंढरं कुणी सोडली? घरचे म्हणायचे, सोडली हायती, तुम्ही बसा.

बारामती ओलांडून जळोचीच्या पलीकडं मोकळा माळ आहे. अजून तिथं प्लॉट पडलेले नाहीत. कळप आम्हाला लांबूनच दिसला. पुढं दोन कुत्री, मग मेंढरं, मागं बिऱ्हाड लादलेली घोडी. आणि त्यातल्या एका घोड्यावर, गाठोड्यांच्या मध्ये, डोक्याला कुणाचं तरी फडकं बांधून, बिरूआबा बसलेले होते. पाय एका बाजूला सोडून, एखाद्या राजासारखे.

कळपाचा म्होरक्या एक तात्या होता. पोलीस बघून घाबरला. मी त्याला आधी शांत केलं. तो म्हणाला, आबा काल दुपारी आपणहून आले. गाव विचारलं तर दर वेळी वेगळं सांगत. 'कऱ्हाटीला आमचे भाऊबंद हायती' असं आबाच म्हणाले, म्हणून तिकडंच नेत होतो, तिथं कुणी ओळखेल असं वाटलं. चालवत न्हाय म्हणून घोड्यावर घेतलं. भाकरी, दूध दिलं. गोड काय दिलं न्हाय, शुगर हाय असं त्यांनीच सांगितलं.

तेवढं मात्र आबांना आठवत होतं.

दत्ता घोड्याजवळ गेला आणि आबांचा पाय धरून उभा राहिला. आबांनी त्याच्याकडं बघितलं. ओळखलं की नाही सांगता येत नाही. म्हणाले, "ती काळी मेंढी आज व्याईल. तिला मागं ठिवा, पळवू नका." तात्यानं मान हलवली. मला म्हणाला, खरंच हाय, तिचे दिवस भरलेत, मीच इसरलो हुतो.

आबांना घोड्यावरून उतरवायला बराच वेळ गेला, कारण त्यांना उतरायचं नव्हतं. मी त्यांना विनवलं की घरी चला. त्यांनी माझ्या खाकीकडं बघून विचारलं, "मी कुठल्या रानात मेंढरं घातली म्हणून आलीस का?" मी म्हणाले, नाही आबा, कुणाचीच तक्रार नाही. मग ते गाडीत बसले. मी साहेबांना फोन करून लोकेशन दिलं. साहेबांनी विचारलं, आरोपीनं सांगितलं ना? मी म्हणाले, हो सर, सकाळीच सांगितलं होतं.

आता राहिला दत्ता.

संध्याकाळी गावातून बरीच माणसं ठाण्यात आली. हार घेऊन आली होती. आबा सापडले, सगळं गोड झालं, आता मिटवून टाका, गैरसमजातून झालं, असं सगळे म्हणत होते. सोपानलाही कुणीतरी दवाखान्यात जाऊन भेटून आलं होतं. मी हार घेतला नाही. मी त्यांना सांगितलं की या कलमात तडजोड नाही. उद्या सोपान स्वतः म्हणाला तरी मला केस बंद करता येणार नाही. एकानं विचारलं, म्हणजे बाप हरवलेल्या माणसाला तुम्ही आत टाकणार? मी म्हणाले, मी गुन्हा दाखल करणार, पुढचं कोर्ट बघेल. आणि त्या बाप हरवलेल्या माणसाला विचारा तरी, तो काय म्हणतोय.

दत्ता बाकावर बसला होता. म्हणाला, "लिहा, मॅडम. दोर मी बांधला. पायावर मी मारलं. बाकीच्यांची नावं बी मीच सांगतो."

माणसं हळूहळू निघून गेली. हार कुणीतरी खिडकीत ठेवून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी सोपानचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेले. जाधवही आले, मी सांगितलं नव्हतं तरी. सोपान उशीला टेकून बसला होता, बायको शेजारी. त्याची काळजी वेगळीच होती. त्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांत त्याचा धंदा होता. केस केली तर कोण दारात उभं करणार? मी त्याला खोटं आश्वासन दिलं नाही. सांगितलं, माहीत नाही.

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "माझं दुसरं काय म्हणणं न्हाय, मॅडम. मी आधीच खरं सांगितलं हुतं. तेवढं पयलं लिवा."

जाधवांनी लिहायला घेतलं. जबाबाचं पहिलं वाक्य तेच आहे.

त्याला आता एका कानानं कमी ऐकू येतं. ते बरं होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. धंदा चालू आहे. तारखा पडतात, दत्ता प्रत्येक तारखेला येतो, वकील काय म्हणेल ते म्हणो, आपण केलेलं तो नाकारत नाही. बिरूआबांना घरच्यांनी दोन मेंढ्या आणून दिल्या. आबा त्यांना बघत ओट्यावर बसतात आणि आता लांब कुठं जात नाहीत. सुमननं मला एकदा जेवायला बोलावलं होतं, केस चालू असल्यामुळं जाता आलं नाही. संपली की जाईन.

माझी बदली झाली. नव्या ठाण्यात नवे शिपाई येतात, त्यांना मी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सांगते. मार खायच्या आधी माणूस काय म्हणाला, ते शोधा. ते खोटं निघालं तरी तुमची एक चक्कर वाया जाते, एवढंच. मार खाल्ल्यानंतर तो जे सांगतो, ते खरं निघालं तरी कोर्टात टिकवताना नाकी नऊ येतात, आणि खोटं निघालं तर अख्ख्या तालुक्याचं पाणी बंद होतं.